एक ओळ खाली

समुपदेशक मुलीने आम्हा सगळ्या शिक्षकांच्या हातात दोन-दोन कोरी पानं ठेवली आणि म्हणाली, "टीचर, फक्त प्रामाणिक राहा, बाकी काही नको." वय सव्वीस. आवाज असा, जणू शेजारच्या खोलीत कुणाचं तान्हं झोपलंय. तिने आमच्या खुर्च्या गोल मांडायला लावल्या होत्या, त्यामुळे विज्ञानाच्या सरांचे फाटके मोजे सगळ्यांना दिसत होते. विषय होता 'माझे विद्यार्थी आणि मी: एक प्रामाणिक चिंतन'. सोमवारपर्यंत द्यायचं होतं.

मी दिलं. चांगलं लिहिलं होतं, वाचून दाखवलं तेव्हा दोघींनी डोळे पुसले. हे त्यानंतरचं आहे. हे कुणालाही द्यायचं नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही.

मुलं मला 'एक्सरे' म्हणतात. पाठीमागे म्हणतात, पण पाठीमागचं ऐकू येणं हा आमच्या नोकरीचाच भाग आहे. मला त्या नावाचा राग कधी आला नाही, उलट भारी वाटायचं. पोर वर्गात पाऊल टाकतं तेव्हाच मला कळतं ते किती पाण्यात आहे, असं मी पस्तीस वर्षं सांगत आले, आणि लोकांनी ते मानलं. नव्या मास्तरांना सांगितलं जायचं, पोर कळत नसेल तर एक्सरेला विचारा.

आमच्या शाळेत शेरावही नावाचा प्रकार आहे. लांबट, जाड पुठ्ठ्याची वही. वर्ष संपलं की वर्गशिक्षिकेने प्रत्येक मुलाच्या क्रमांकापुढे एक ओळ लिहायची, आणि ती वही पुढच्या वर्गाच्या शिक्षिकेकडे जाते. तिने मुलांची तोंडंही पाहिलेली नसतात, तेव्हा ती या ओळी वाचते. पालकांना या वहीचा पत्ता नाही. मुलांना वाटतं आपण मार्कांवर वर गेलो. शाई वापरायची आणि खाडाखोड चालणार नाही, असा दंडक आहे. ओळ बदलायचीच असेल तर खाली लाल शाईने कारण लिहायचं, सही करायची, आणि मुख्याध्यापिकेचीही सही घ्यायची. पस्तीस वर्षांत मी एकदाही लाल शाई वापरली नाही. हे मी अभिमानाने सांगायचे.

माझ्या ओळी प्रसिद्ध होत्या. 'आईचा लाडका, म्हणजे कामाचा नाही.' 'अक्षर मोत्यासारखं, डोकं शिंपल्यासारखं, उघडलं तर रिकामं.' 'लगेच रडते, लक्ष देऊ नये.' शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर कुणीतरी मोठ्याने वाचायचं आणि आम्ही पोट धरून हसायचो. आपण मुलांना हसतोय हे तेव्हा कळत नव्हतं, असं त्या समुपदेशक मुलीला सांगता आलं असतं. पण कळत होतं. म्हणून तर मजा यायची.

आता कामाची पद्धत सांगते, कारण सगळा घोळ तिथेच आहे. रोज शाळा सुटल्यावर निघण्याआधी मी कच्च्या वहीत दोन-चार शब्द टिपायचे. नावं नाहीत, फक्त क्रमांक. सतरा, शेजारच्याची वही पाहतो. तेवीस, घरी मार खाते असं वाटतं, विचारलं नाही. वर्षाच्या शेवटी याच कच्च्या वहीवरून पक्क्या शेरावहीत उतरवायचं. कच्च्या वह्या मी कधी फेकल्या नाहीत, घरी पलंगाखालच्या पेटीत आहेत. नवरा म्हणायचा, ही तुझी शस्त्रं.

गेल्या शनिवारी ती पेटी ओढली. म्हटलं, चिंतन करायचंच आहे तर एखादा झकास दाखला देऊ. दाखला डोक्यात तयार होता: आमच्या मोठ्या बाई.

मोठ्या बाई म्हणजे आताच्या मुख्याध्यापिका. वय चाळिशीच्या आत, आणि माझी विद्यार्थिनी. तीस वर्षांपूर्वी मी तिसरीला शिकवत होते तेव्हा ती माझ्या वर्गात होती. दरवर्षी शिक्षकांच्या स्नेहसंमेलनात ती माईक हातात घेऊन तेच सांगते. "लहानपणी मी कोण होते? कुणीच नाही. पण माझ्या बाईंनी माझ्याबद्दल एक ओळ लिहिली, 'निर्मळ आहे, हिच्यावर वर्ग सोपवून निर्धास्त जावं.' त्या ओळीमुळे चौथीत माझ्या हातात शाळेच्या खोल्यांच्या किल्ल्या आल्या. कुणीतरी आपल्यावर भरवसा ठेवतंय म्हटल्यावर मी सुधारले." मग सगळं सभागृह माझ्याकडे वळून टाळ्या वाजवतं आणि मी पदर नसला तरी पदर सावरल्यासारखं करते. गेली आठ वर्षं मी त्या टाळ्यांवर जगतेय.

शनिवारी मी कार्यालयातल्या कपाटातून त्या वर्षीची शेरावही आणली होती. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला कच्ची वही. निर्मळची ओळ कच्च्यात कशी होती, त्याच्या आधी मी काय काय टिपलं होतं, हे जरा रंगवून लिहायचं होतं. कच्च्यात 'निर्मळ' एकोणतीस क्रमांकापुढे होतं. पक्क्यातही एकोणतीसपुढेच. सगळं बरोबर. तेवढ्यात कच्च्या वहीच्या पहिल्या पानावरची यादी दिसली, जून महिन्यात केलेली, नावांसकट. त्या यादीत मोठ्या बाईचा क्रमांक तीस होता.

मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. तीसच.

मग आठवलं. वर्ष संपायच्या जेमतेम दोन आठवडे आधी बावीस क्रमांकाचा मुलगा शाळा सोडून गेला होता, बापाची बदली झाली म्हणून. कारकुनाने पक्क्या यादीतून त्याला काढलं आणि त्याच्या खालच्या सगळ्यांना एकेक क्रमांक वर घेतलं. त्याच आठवड्यात एक नवी मुलगी आली, ती शेवटी जोडली. एक गेला, एक आली. एकूण एक्केचाळीस ते एक्केचाळीसच राहिले. मी कच्च्या वहीतले जुने क्रमांक बघत नव्या क्रमांकांपुढे ओळी उतरवत गेले, आणि शेवटी बेरीज जुळली म्हणून वही मिटली. बावीसपासून पुढे प्रत्येक पोराला त्याच्या वरच्याची ओळ मिळाली होती. वीस मुलं.

मी एकेक लावून पाहू लागले. सव्वीस, कच्च्यात: 'उजव्या कानाने ऐकू येत नाही, पुढच्या बाकावर बसवावा.' ती ओळ गेली एका धडधाकट कानांच्या मुलाला. आणि त्या बहिऱ्या पोराला मिळाली पंचविसाची: 'ऐकून न ऐकल्यासारखं करतो. धाक हवा.' चौथीच्या शिक्षिकेने धाक दाखवला होता. मला चांगलं आठवतंय, ती माझ्यासमोर चहा ओतता ओतता म्हणाली होती, "काय अचूक लिहिलंयस गं, अगदी तस्साच आहे तो." सगळ्यांबद्दल तसंच म्हणाली होती. वर्षभरात वीसपैकी एकाही ओळीबद्दल कुणी म्हणालं नाही, की हे पोर असं वाटत नाही.

हे मला जास्त लागलं. ओळी चुकल्या हे ठीक, माणूस आहे. पण त्या कुणालाही लावल्या तरी चालल्या. म्हणजे माझा एक्सरे काय होता?

तिसाची ओळ मी मुद्दाम शेवटी वाचली. खरी, मोठ्या बाईबद्दल लिहिलेली. 'हात लांब. डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलते. हिच्या शब्दावर विसंबू नये.' आता आठवतं तसं तिसरीत ती डबे उघडायची, खोडरबर गोळा करायची, आणि विचारलं की वाटेल त्या शपथा घ्यायची. चौथीत तिला किल्ल्या मिळाल्या तेव्हा मला आश्चर्य कसं वाटलं नाही? त्याचं उत्तर सोपं आहे. जूनमध्ये नवी एक्केचाळीस पोरं समोर आली की जुनी पुसली जातात. मला मुलं आठवायची नाहीत, माझ्या ओळी आठवायच्या.

आणि तिची ती ओळ गेली तिच्या खालच्या मुलीला. जुना क्रमांक एकतीस, नवा तीस. ती आता आमच्या शाळेच्या मागच्या गल्लीत लाँड्री चालवते. सगळे तिला इस्त्रीवाली म्हणतात.

नवरा मोजणी खात्यातून निवृत्त झालाय. त्याला सांगितलं. तो दोन्ही वह्या समोर घेऊन बराच वेळ बोटाने क्रमांक जुळवत बसला. मग म्हणाला, "आमच्याकडे फीत एक खूण सरकली की एकाची भिंत दुसऱ्याच्या अंगणात जाते. मग तीस वर्षं भांडणं."

"मग काय करता तुम्ही?"

"पुन्हा मोजतो. भिंत पाडायची की नाही ते त्यांनी ठरवायचं." चष्मा काढून तो म्हणाला, "त्या लाँड्रीवालीची मुलगी तुझ्याच वर्गात आहे ना गं?"

तिथेच तर पाय अडकला होता.

चौथीत असताना इस्त्रीवालीचं काय झालं ते सांगायला हवं. खेळाच्या खोलीतलं स्टॉपवॉच नाहीसं झालं. तेव्हाच्या मुख्याध्यापिकेने शेरावही मागवली आणि बोट फिरवलं. एकच ओळ सापडली, माझ्या अक्षरात: हात लांब, डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलते. मुलगी म्हणाली, मी नाही घेतलं. डोळ्यांत डोळे घालूनच म्हणाली, बिचारी, तिला काय माहीत. प्रार्थनेच्या वेळी तिला सगळ्यांसमोर हात पुढे करून उभं केलं. रोज. नऊ दिवस. नवव्या दिवशी मला बोलावलं, तुमचीच विद्यार्थिनी, तुम्ही काढा तिच्याकडून. मी तिला खोलीत नेलं, दार लोटलं, खुर्ची दिली. म्हटलं, "मला सगळं दिसतं हे तुला ठाऊक आहे ना? खरं बोललीस की हलकं वाटेल बघ." तासाभराने तिने मान हलवली. मी तिला पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला, विचारलं, "वाटतंय ना हलकं?" तिने पुन्हा मान हलवली. मी बाहेर येऊन म्हणाले, "झालं." फार तर पंचवीस किलोची पोर, तिला वाकवल्याचा मला केवढा आनंद झाला होता.

घड्याळ कुठे ठेवलंस ते मात्र ती सांगू शकली नाही. आईने तिला शाळेतून काढून लाँड्रीत बसवलं. पुढच्या सुट्टीत खेळाच्या सरांना ते गाद्यांच्या चवडीमागे सापडलं, भिंतीला टेकून पडलेलं. ते मला सांगायला आले, जरा ओशाळले होते. मी म्हटलं, "घाबरून तिनेच टाकलं असणार." त्यांना हायसं वाटलं. विषय संपला.

पुढे ती मोठी झाली, लग्न झालं, नवरा सोडून गेला, लाँड्री तिची झाली. तिच्याकडे एक पत्र्याचा डबा आहे. कपड्यांच्या खिशात जे मिळेल ते, बटण, चावी, पेनाचं टोपण, अर्धी फाटलेली चिठ्ठी, कागदात बांधून त्यावर गिऱ्हाइकाचा नंबर टाकते आणि परत करते. गल्लीत तिच्या सचोटीचे दाखले देतात. मी ऐकलं की म्हणायचे, करून करून भागली आणि देवपूजेला लागली. लोक हसायचे.

यंदा तिची मुलगी, छकुली, माझ्या वर्गात चौथीला आहे. गणितात अशी, की मी फळ्यावर उदाहरण लिहून हात झटकेपर्यंत तिच्या पाटीवर उत्तर असतं. दूरच्या एका निवासी शाळेत दरवर्षी आमच्याकडून एक मूल घेतात, सातवी-आठवीपर्यंत नाही, थेट शिक्षण संपेपर्यंत. परीक्षेत ती पहिली आली. पण ते लोक म्हणतात, मार्क सगळ्यांकडे असतात, आम्हाला शेरावहीतली ओळ पाठवा. आणि ती ओळ मी पंधरा दिवसांपूर्वीच लिहिली होती, माझी शेवटची शेरावही, सुवाच्य अक्षरात: 'बुद्धी तल्लख. पण आईचं वळण. मौल्यवान वस्तू हाताशी ठेवू नयेत.'

पुरावा? होता ना. त्या पोरीची एक खोड आहे. वर्गात येताना, जाताना, कुणी मोठं माणूस समोर आलं की ती फ्रॉकचे दोन्ही खिसे बाहेर काढून दाखवते. न विचारता. मला ते पाहूनच कळलं होतं. चोराच्या मनात चांदणं, म्हटलं. खाण तशी माती.

मंगळवारी पत्र जाणार होतं. बदल करायचा तर सोमवारी लाल शाईने कारण लिहायला हवं. कारण काय लिहू? 'आईबद्दलची माझी ओळ चुकीची होती.' मग मोठ्या बाई विचारणार, कशी चुकीची? मग दोन्ही वह्या उघडाव्या लागणार, आणि तिला तिची स्वतःची ओळ वाचावी लागणार. टाळ्या जाणार, ते तर आहेच. निवृत्तीला दोन महिने उरलेत. निरोप समारंभाचं भाषण ती लिहून बसलीय.

रविवारी मी लाँड्रीत गेले. नवऱ्याला सांगितलं, भिंत तिची आहे, तिलाच विचारते. हे मोठेपणाचं वाटतं खरं, पण मला काय हवं होतं ते मला माहीत होतं. मला आधी माफी हवी होती. मग लाल शाई काढली असती, कदाचित.

दुकान म्हणजे एकच खोली. तारेवर हँगरांची रांग, प्रत्येक कॉलरला दोऱ्याने बांधलेली नंबराची चिठ्ठी, गरम ओल्या कापडाचा वास. ती शर्टाच्या बाहीवर इस्त्री फिरवत होती. छकुली उलट्या खोक्यावर बसून गणितं सोडवत होती.

"बाई! तुम्ही कशाला आलात? कपडे मी पाठवले असते की पोरीबरोबर."

"कपड्यांचं काम नाही. जरा बोलायचंय."

तिने छकुलीकडे नुसतं पाहिलं. पोरगी उठली, आईसमोर उभी राहिली, दोन्ही खिसे बाहेर काढले. आईने इस्त्री उभी करून ठेवली, खिशांच्या शिवणीपर्यंत बोटं घालून पाहिलं, मग दप्तराचा तळ चाचपला. "जा, मागे जाऊन हँगर मोज." ती गेल्यावर मला म्हणाली, "रोज दोनदा बघते, बाई. बालवाडीपासून सवय लावलीय. रक्तात असतं ना, आधीच काळजी घेतलेली बरी."

मला तेव्हाच उठून यायला हवं होतं, किंवा तेव्हाच रडायला. मी स्टूल पुढे ओढलं आणि वर्गात समजावते तसं समजावलं. शेरावही काय असते. क्रमांक कसे सरकले. तिच्यापुढे जी ओळ पडली ती तिची नव्हती. कुणाची ते सांगितलं नाही.

ती इस्त्री करत राहिली. बाही झाली, कॉलर झाली. मग म्हणाली, "म्हणजे आम्हा सगळ्यांबद्दल तुम्ही एकेक ओळ लिहायचात?"

"हो."

"मग माझी खरी कोणती होती?"

मला ती पाठ झाली होती. "'कमी बोलते. जे बोलते ते खरं असतं.'"

ती हसली. अगदी मोकळेपणाने, दुसऱ्या कुणाची गंमत ऐकावी तशी. "नाही हो बाई. ती माझी नसेल. तुमचीच काहीतरी गल्लत होतेय. दुसऱ्या कुणाची असेल ती."

"तुझीच होती. अगं, मी दोनदा तपासलं. ते स्टॉपवॉच तू घेतलं नव्हतंस."

"घेतलं होतं."

"सापडलं होतं ते. गाद्यांच्या मागे."

"मग मीच टाकलं असणार. घाबरून." माझेच शब्द, तीस वर्षांपूर्वीचे, तिने कधी ऐकलेही नव्हते ते. "बाई, तुम्हीच तर माझ्याकडून काढून घेतलंत ते. त्या खोलीत. तुम्ही म्हणालात, खरं बोललीस की हलकं वाटेल. आणि वाटलं मला. नऊ दिवसांत पहिल्यांदा हात खाली घेऊ दिले, पाणी दिलंत, एवढं हलकं वाटलं! खोटं बोलले असते तर हलकं वाटलं असतं का?"

"तुला आठवतंय का, हातात घेतल्याचं?"

"आठवतं ना. गार लागलं होतं." तिने शर्टाची घडी घातली, वर चिठ्ठी ठेवली. "आईला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं. तो जाताना म्हणाला, चोरटीबरोबर कोण राहणार. पोरीलाही सांगितलंय, लपवलं नाही. म्हटलं, मी चुकले, तू चुकू नकोस. आता तुम्ही म्हणता तसं काही नव्हतंच, तर मग हे सगळं मी कशासाठी केलं, बाई?"

आवाज चढवला नव्हता तिने. खरंच विचारत होती. आणि उत्तर नकोय हे तिच्या तोंडावर दिसत होतं. एवढं मात्र मला दिसलं.

मी आणखी एकदा म्हणू शकले असते, तू घेतलं नाहीस. तासभर बसले असते. एका तासात मी तिला एकदा चोर केलंच होतं, दुसऱ्या तासात सोडवता आलं असतं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या छातीवरचा दगड उतरला. चोर स्वतः म्हणतेय, मी चोर. मग माझी ओळ खोटी कशी? चुकून का होईना, बरोबरच बसली होती. मला हलकं वाटलं. अगदी तेच, तिला वाटलं होतं तसं.

"बरं," मी म्हणाले.

ती दारापर्यंत आली. हात पुसत म्हणाली, "माझं काही नाही हो. पण पोरीचं बघा. ती माझ्यासारखी नाही. तुम्हाला तर बघताच कळतं. त्या मोठ्या शाळेसाठी तुम्ही काहीतरी लिहून देणार आहात म्हणे. चांगलं लिहाल ना?"

"लिहीन की," मी म्हणाले. शाई वाळून पंधरा दिवस झाले होते.

सोमवारी गोल खुर्च्यांमध्ये बसून मी माझी दोन पानं वाचली. 'मुलावर टाकलेला विश्वास हेच खरं शिक्षण' असं शेवटचं वाक्य होतं. मोठ्या बाई दाराशी उभी राहून ऐकत होती, तिनेही डोळे टिपले. समुपदेशक मुलगी म्हणाली, "टीचर, किती धैर्य लागतं असं लिहायला."

दुपारी मोठ्या बाईने मला खोलीत बोलावलं. समोर शेरावही उघडी, शेजारी निवासी शाळेचं पत्र. खोलीत आम्ही दोघीच असलो की मी तिला एकेरीच बोलते.

"बाई, ही त्या लाँड्रीवालीच्या मुलीची ओळ. अशीच पाठवू?" ती जरा अडखळली. "मुलगी गुणी वाटते मला. आणि ते आईचं... ती माझ्याच वर्गात होती. किल्ल्या तेव्हा माझ्याकडे असायच्या. मला कधी कधी वाटतं, खेळाच्या खोलीला कुलूप लावायचं मीच विसरले असेन, घड्याळ कुठे तरी मीच... पण तुमचा शेरा होता. आणि तुमच्या शेऱ्यावर मी शंका घेतली, तर मी स्वतः कुठे उभी राहू?"

तिच्या टेबलावर लाल पेन होतं, टोपण काढलेलं. तिने ते माझ्या बाजूला सरकवून ठेवलं होतं. मुद्दाम की सहज, मला सांगता येणार नाही. मुलं ओळखता येत नाहीत हे आता मला कळलंय.

"पाठव," मी म्हणाले. "तशीच पाठव."

तिने सुटकेचा श्वास टाकला आणि सही केली.

शाळा सुटल्यावर छकुली वर्गाच्या दाराशी थांबली होती. सगळी पोरं गेली होती. "बाई, आई म्हणाली तुम्ही माझ्याबद्दल चांगलं लिहिलंय. मग माझं होणार ना?"

"बघू."

ती हसली, वरचा एक दात पडलेला होता. मग सवयीने दोन्ही खिसे बाहेर काढून माझ्यासमोर उभी राहिली आणि वाट पाहू लागली. मी 'राहू दे' म्हणेन असं मला वाटलं होतं. मी खाली वाकले आणि शिवणीपर्यंत बोटं घालून दोन्ही खिसे तपासले. काही नव्हतं.